अद्भुत वाचण्याची लाज आली कुठून?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगलीतल्या एका वाचनालयात मी काउंटरवर एक जाडजूड कादंबरी ठेवली. मुखपृष्ठावर पंख पसरलेला ड्रॅगन. नोंद करणाऱ्या बाईंनी चित्र पाहिलं आणि अगदी आपुलकीनं विचारलं, "मुलगा कितवीला आहे?" मला मुलगा नाही. "पाचवीला," मी म्हणालो, पुस्तक पिशवीत सारलं आणि बाहेर पडलो. बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. पण तो 'पाचवीला' घरी येईपर्यंत मनातून जाईना. चाळिशीच्या माणसाला स्वतःच्या आवडीसाठी खोटा मुलगा उभा करावा लागतो, इतकी ही लाज कुणी लावली? हे शोधत मागे मागे गेलो.

सुरुवात 'कादंबरी' या शब्दापासूनच करू. हिंदीत उपन्यास म्हणतात, गुजरातीत नवलकथा. मराठीनं मात्र सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या कथेचं नाव उचललं. काय आहे त्या कथेत? शूद्रक राजाच्या दरबारात एक चांडाळकन्या पोपट घेऊन येते आणि तो पोपट माणसासारखा बोलू लागतो. मग शाप, पुनर्जन्म, गंधर्वलोक. खुद्द चंद्र माणूस होऊन जन्माला येतो. कादंबरी ही त्यातली गंधर्वकन्या. म्हणजे शेतकऱ्याच्या कर्जावरची किंवा गिरणीकामगारांवरची अगदी वास्तव कादंबरी मागणारा वाचकही त्या गंधर्वकन्येचंच नाव घेतो. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस आहेत, त्यांत अद्भुत आहे आणि विस्मय हा त्याचा स्थायी भाव. तो शृंगाराच्या आणि करुणाच्या पंगतीतच बसलेला आहे. त्याला वेगळं पान मांडलेलं नाही.

तरी नाक मुरडणारे तेव्हाही होतेच. गुणाढ्याची दंतकथा सगळ्यांनी वाचावी अशी आहे. त्यानं बृहत्कथा पैशाची नावाच्या प्राकृत भाषेत रचली, रक्तानं लिहिली आणि सातवाहन राजाकडे पाठवली. राजानं ती हिणकस म्हणून परत केली. गुणाढ्य रानात गेला, पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवू लागला आणि वाचलेलं पान आगीत टाकू लागला. जनावरं चरायचं सोडून ऐकत बसली. ती वाळली, म्हणून राजाच्या ताटातलं मांसही रोड झालं. तेव्हा राजा धावत आला. सात लाख श्लोकांतले सहा लाख तोवर जळून गेले होते. उरलेल्या कथेच्या परंपरेतूनच पुढे अकराव्या शतकात सोमदेवाचा कथासरित्सागर आला, आणि त्यातला विक्रम-वेताळ 'चांदोबा'मधून आमच्या शाळेच्या दप्तरापर्यंत पोचला.

आता सांगलीकडे येऊ. ५ नोव्हेंबर १८४३ला विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीतास्वयंवर' सादर केलं. चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं झालेला तो प्रयोग, म्हणून आजही ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. या नाटकांत गणपती येई, मोरावर बसलेली सरस्वती येई आणि राक्षस तर आरोळी ठोकतच येत. पुढे इंग्रजी शिकलेल्या मंडळींनी या नाटकांचं नाव पाडलं 'अललडुर्र'. राक्षसाच्या आरोळीची थट्टा करणारं नाव! मला यात या लाजेचा उगम दिसतो. आधी ज्या आरोळीनं राजापासून रयतेपर्यंत सगळे दचकत होते, तीच पन्नासेक वर्षांत अडाणीपणाची खूण ठरली.

कादंबरीचंही असंच झालं. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या, तेव्हा ते काम त्यांच्या विद्वत्तेला कमीपणा आणणारं नव्हतं. १८६१ला हळब्यांची 'मुक्तामाला' आली, १८६८ला रिसबुडांची 'मंजुघोषा'. दोन्ही अद्भुतरम्य. रिसबुडांनी प्रस्तावनेत मोकळेपणानं सांगितलं आहे की आपल्या लोकांच्या आयुष्यात गोष्टीला पुरेल असं काही घडतच नाही, तेव्हा कादंबरीकारानं करायचं काय? बालपणीच लग्न उरकणाऱ्या समाजात प्रेमकथा कुठून आणायची, ही त्यांची खरी अडचण होती. लगेच १८७२मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठ्यांनी 'नावल (म्हणजे नॉव्हेल) व नाटक' या विषयावरच्या निबंधात अशा कादंबऱ्यांवर टीका केली. १८९०पासून हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः येऊ लागली आणि पारडं फिरलं.

ते फिरायलाच हवं होतं. त्या कादंबरीतल्या विधवा यमूच्या केशवपनाचं दुःख कुठल्याही मंत्रानं सुटणारं नव्हतं, ते कुणीतरी जसंच्या तसं लिहायला हवं होतं. माझी तक्रार एवढीच की वास्तवाला मान देताना अद्भुताचा मान काढून घेण्याची गरज नव्हती. वाचकांनी तो काढलाही नाही. १९१३ला नाथमाधवांची अद्भुतरम्य 'वीरधवल' आली, ती पिढ्यान्पिढ्या वाचली गेली. पण 'लहानपणी वाचली होती' असं म्हणत.

आपल्या भागात या लाजेला आणखी दोन मुळं आहेत आणि दोन्ही आदराची आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ला कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांत पुस्तक पहिल्यांदा आलं ते शाळेच्या वाटेनं. कंदिलाचं तेल मोजून जाळायचं, तर ते अभ्यासासाठीच. बाकी सगळं 'अवांतर वाचन'. त्या शब्दातच धाक आहे. आमच्या अण्णांची हयात हळदीच्या पेठेत गेली, हरिपूरच्या पेवांचा, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांचा, हिशेब त्यांना तोंडपाठ. त्यांनी आयुष्यभर चरित्रं आणि आत्मचरित्रं वाचली. माझ्या हातातलं पुस्तक पाहून ते म्हणायचे, "त्यातनं काय मिळतं रे?" या प्रश्नात तुच्छता नव्हती. ज्याला पुस्तक कष्टानं मिळालं, त्याचा तो प्रश्न होता.

दुसरं मूळ साताऱ्याचं. नरेंद्र दाभोलकरांचं हे गाव. जादूटोण्यानं माणसं लुबाडली जातात, बायका छळल्या जातात, हे ज्या मातीत इतक्या चिकाटीनं सांगितलं गेलं, तिथे 'जादूची कादंबरी' म्हटल्यावर कपाळाला आठी पडणं समजण्यासारखं आहे. पण फरक मोठा आहे. भोंदू बाबा खोटं खरं म्हणून विकतो. कादंबरीकार पहिल्याच पानावर सांगतो की हे घडलेलं नाही, चल, तरी बघू. खोटं हे खोटं आहे हे माहीत असताना त्यात रमणं, याला विवेक शाबूतच लागतो.

या सगळ्यात मला सर्वांत नवल वाटतं ते लेबलांचं. सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांना 'ययाति'साठी १९७४चा ज्ञानपीठ मिळाला, मराठीतला पहिला. त्यात शापानं म्हातारपण येतं आणि मुलगा आपलं तारुण्य बापाला देतो. मृताला उठवणारी संजीवनी विद्या आहे. पण कपाटावर लिहिलेलं असतं 'पौराणिक', म्हणून सगळे अभिमानानं वाचतात. भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांची पुस्तकं मात्र पानं सुटेपर्यंत वाचली गेली आणि समीक्षेत त्यांना जेमतेम जागा मिळाली. 'हॅरी पॉटर आणि परीस' तर थेट बालविभागात.

बाहेरही हेच चाललं होतं. टॉल्किननं १९३९च्या व्याख्यानात परीकथांची बाजू मांडताना म्हटलं होतं की तुरुंगातल्या माणसाला घरची आठवण आली, तर त्याला पळपुटा म्हणू नका. त्याची मोठी कादंबरी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५मध्ये आली आणि १९५६ला एडमंड विल्सन या नामवंत अमेरिकी समीक्षकानं तिला पोरकट ठरवून मोकळं केलं.

आता आमच्याही बाजूचं एक सांगायला हवं. अद्भुत वाचणारे आम्ही काही कमी नाही. सामाजिक कादंबरीला 'रडगाणं' म्हणणारे, रहस्यकथा वाचणाऱ्याला हिणवणारे आमच्यात आहेत. मीही हे केलं आहे. माझ्या वहिनीला नकाशे आणि वंशावळींनी सुरू होणारी कादंबरी दिली, ती चाळीस पानांवर थांबली. "भावजी, मला नाही जमलं हे," एवढंच म्हणाली आणि पुस्तक परत दिलं. मी मात्र तिला चार दिवस त्या पुस्तकाचं मोठेपण पटवत बसलो. 'मला जमलं नाही' आणि 'हे वाचण्यासारखं नाही' यांतलं अंतर तिला कळत होतं, मला नव्हतं. तिच्या हातात तेव्हा एका नर्सचं आत्मकथन होतं. रात्रपाळीच्या वॉर्डाबद्दल ती ज्या ओढीनं बोलत होती, तीच ओढ मला जादूगारांच्या वेशीवर लागते.

अण्णा आता ऐंशीच्या पुढे आहेत. जेवणं झाली की बाहेरच्या खोलीत एकाच दिव्याखाली आम्ही दोघं बसतो, ते कुठल्याशा कारखानदाराचं चरित्र घेऊन आणि मी माझे ड्रॅगन घेऊन. चष्मा घडी करताना ते आता एवढंच विचारतात, "किती पानं राहिली तुझी?" आणि दिवा तेवढा वेळ चालू ठेवतात.