डीओ-१ : पी५३ प्रथिन ओळखणारे प्रतिपिंड

डीओ-१ हे मानवी पी५३ प्रथिनाला चिकटणारे, उंदरापासून मिळवलेले मोनोक्लोनल (एकाच पेशीवंशातून आलेले, म्हणून एकच जागा ओळखणारे) प्रतिपिंड, म्हणजे ॲन्टिबॉडी, आहे. प्रतिपिंडांच्या वर्गांपैकी त्याचा प्रकार आयजीजी२ए. बोर्झिवोय व्होयतेशेक, डेव्हिड लेन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्याच कामातून निघालेले डीओ-७ हे त्याचे भावंड विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळांत जास्त चालते. वेस्टर्न ब्लॉट (प्रथिने जेलवर आकाराने वेगळी करून, पडद्यावर उतरवून प्रतिपिंडाने ओळखण्याची पद्धत) लावणाऱ्यांच्या फ्रीजमध्ये मात्र बहुधा डीओ-१ ची कुपी सापडते.

पी५३ हे जनुकांचे नियंत्रण करणारे प्रथिन असून त्यात ३९३ ॲमिनो अम्ले असतात. ते १७ व्या गुणसूत्रावरच्या टीपी५३ जनुकापासून बनते. डीएनएला इजा झाली की ते पी२१सारखी जनुके चालू करून पेशीचे विभाजन थांबवते, किंवा पेशीला मृत्यूकडे ढकलते. एरवी एमडीएम२ हे प्रथिन त्याला युबिक्विटिन (नष्ट करण्याची खूण) जोडून नष्ट करवते. निरोगी पेशीत पी५३ चे अर्धायुष्य जेमतेम २० मिनिटांच्या आसपास असते. ताण न दिलेल्या पेशींत बँड (ब्लॉटवरची प्रथिनाची पट्टी) फिका आला तर प्रतिपिंडाला दोष देण्याचे कारण नाही.

डीओ-१ पी५३ च्या सुरुवातीच्या टोकाकडील साधारण २० ते २५ क्रमांकांची ॲमिनो अम्लेच ओळखते. त्याचे बहुतेक गुण आणि जवळजवळ सगळे घोटाळे या एवढ्याशा तुकड्यातून येतात. माणसात २१ व्या जागी ॲस्पार्टिक अम्ल असते, उंदरात ग्लायसिन. त्यामुळे उंदराचे पी५३ डीओ-१ ला दिसत नाही. उंदराच्या पेशींवर ब्लॉट लावून ‘बँडच येत नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी हे तपासावे. उंदराच्या अंगात वाढवलेल्या मानवी गाठीत मात्र हीच मर्यादा उपयोगी पडते, कारण फक्त मानवी पेशी रंगतात. एमडीएम२ सुद्धा याच तुकड्याला धरते, म्हणून पी५३ आणि एमडीएम२ यांची जोडी डीओ-१ ने ओढून काढणे फारसे जमत नाही. २० क्रमांकाच्या सेरीनवर फॉस्फेट बसला की पकड सैल होते. पहिली ३९ ॲमिनो अम्ले नसलेला डेल्टा-४० आणि त्याहून आखूड डेल्टा-१३३ हे पी५३ चे प्रकार तर डीओ-१ च्या हातून पूर्णच सुटतात. अशा वेळी दुसऱ्या जागी बसणारे प्रतिपिंड सोबत लावावे. पीएबी१८०१ हे ४६ ते ५५ च्या भागाला धरते, पीएबी४२१ शेवटच्या टोकाला.

वेस्टर्न ब्लॉटसाठी पेशी बर्फावर फोडाव्यात आणि बफरमध्ये प्रोटिएज रोधके (प्रथिने तोडणाऱ्या विकरांना अडवणारी रसायने) ऐन वेळी घालावीत. १० टक्के जेलच्या प्रत्येक खणात २० ते ३० मायक्रोग्रॅम प्रथिन पुरते. पीव्हीडीएफ मेम्ब्रेन (ज्यावर प्रथिने उतरवायची तो पडदा) आधी मिथेनॉलमध्ये भिजवून घ्यावी. ट्रान्सफर झाल्यावर ५ टक्के स्किम दूध घातलेल्या टीबीएसटीमध्ये (ट्वीन मिसळलेल्या क्षारद्रावणात) एक तास ब्लॉकिंग (मेम्ब्रेनच्या रिकाम्या जागा झाकणे), मग डीओ-१ सुमारे ०.२ ते १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, ४ अंशांवर रात्रभर. टीबीएसटीने दहा-दहा मिनिटांच्या तीन धुण्या, त्यानंतर एचआरपी (प्रकाश देणारी अभिक्रिया घडवणारे विकर) जोडलेले उंदीरविरोधी सेकंडरी (डीओ-१ ला चिकटणारे दुसरे प्रतिपिंड) एक तास, पुन्हा तीन धुण्या आणि ईसीएल (प्रकाश देणारे द्रावण). वापरलेले प्रायमरी (म्हणजे डीओ-१) टिकवायला सोडियम ॲझाइड घालतात, पण ते एचआरपीला मारते. सेकंडरीच्या डब्यात त्याचा थेंबही जाऊ देऊ नये.

हिशोबाने पी५३ चे वजन ४३.७ किलोडाल्टन, जेलवर ते ५३ च्या जवळ दिसते. प्रोलीनने भरलेला भाग त्याची चाल मंदावतो, आणि नावातले ५३ ही त्याच मंद चालीची देणगी. ७२ व्या जागी प्रोलीन असलेले रूप आर्जिनीनवाल्यापेक्षा किंचित वर थांबते. दोन्ही रूपे असलेल्या पेशींत अगदी लगत दोन बँड आले तर तो प्रथिन तुटल्याचा पुरावा समजू नये.

नियंत्रणाशिवाय (निकाल आधीच माहीत असलेल्या नमुन्याशिवाय) हा ब्लॉट वाचूच नये. एच१२९९ आणि साओस-२ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत पी५३ नसते. तिथे बँड आला तर तो खोटा. एमसीएफ-७ मध्ये साधे (उत्परिवर्तन नसलेले) पी५३ असते, आणि डॉक्सोरुबिसिन (डीएनएला इजा करणारे औषध) किंवा नटलिन-३ (एमडीएम२ ला अडवणारे रसायन) दिल्यावर ते वाढलेले दिसायला हवे. हेला पेशींत पॅपिलोमा विषाणूचे ई६ प्रथिन पी५३ ला संपवते, म्हणून बँड क्षीण. २९३टी पेशींत उलट प्रकार: एसव्ही४० विषाणूचे टी-ॲन्टिजेन त्याला धरून ठेवते, बँड ठसठशीत येतो, पण प्रथिन कामाचे नसते. प्रतिपिंड चालते की नाही एवढेच पाहायला २९३टी ठीक. त्यावरून पी५३ च्या कामाबद्दल काही ठरवू नये.

इम्युनोप्रेसिपिटेशननंतर (प्रतिपिंडाने प्रथिन द्रावणातून ओढून काढल्यावर) त्याच प्राण्याचे प्रतिपिंड वापरून ब्लॉट केला की ओढायला वापरलेल्या प्रतिपिंडाचीच ५० किलोडाल्टनची जड साखळी नेमकी पी५३ च्या जागी येऊन बसते. तो जाडजूड बँड पाहून ‘प्रयोग जमला’ असे वाटणे सोपे. ब्लॉटसाठी सशाचे प्रतिपिंड घ्यावे, किंवा फक्त हलकी साखळी ओळखणारे सेकंडरी. एच१२९९ ची खणही शेजारी हवीच.

क्रोमॅटिन इम्युनोप्रेसिपिटेशनमध्येही (प्रथिन डीएनएच्या कुठल्या जागी बसले आहे हे शोधण्याच्या पद्धतीत) डीओ-१ चालते. १ टक्के फॉर्मल्डिहाइडमध्ये १० मिनिटे ठेवून ग्लायसिनने प्रक्रिया थांबवावी. वेळ लांबवली तर ओळखीचा तुकडा झाकला जातो आणि डीएनए नीट तुटतही नाही. डीएनएचे तुकडे २०० ते ५०० बेस-जोड्यांचे हवेत. पी२१ जनुकाच्या सुरुवातीच्या सुमारे २२०० जोड्या अलीकडची जागा हे खात्रीचे नियंत्रण. तुलनेसाठी साधे आयजीजी२ए घ्यावे.

ऊतींच्या कापांवर रंग केंद्रकात यायला हवा. अंडाशयाच्या उच्च श्रेणीच्या सीरस कर्करोगात जवळजवळ सगळी केंद्रके गडद होणे हे उत्परिवर्तनाचे लक्षण, आणि एकही न रंगणे हेही उत्परिवर्तनाचेच, फक्त वेगळ्या प्रकारच्या. पण दुसऱ्या बाबतीत शेजारच्या निरोगी पेशींत फिका रंग दिसला तरच निदान ग्राह्य. तोही नसेल तर फॉर्मॅलिनमध्ये नमुना उशिरा पडला असावा किंवा ॲन्टिजेन रिट्रीव्हल (फॉर्मॅलिनने झाकलेल्या जागा पुन्हा उघड्या करणे) फसले असावे.

डीओ-१ साध्या आणि बिघडलेल्या पी५३ मध्ये फरक करत नाही, कारण बहुतेक उत्परिवर्तने मधल्या, डीएनएला धरणाऱ्या भागात असतात आणि टोक शाबूत राहते. घडी बिघडलेली उत्परिवर्तित रूपे ओळखायला पीएबी२४० वापरतात, पण ते रसायनाने न उलगडलेल्या प्रथिनावरच. एसडीएस जेलवर सगळेच पी५३ उलगडते आणि पीएबी२४० साध्या प्रथिनालाही तितक्याच तत्परतेने चिकटते.