चमचाभर श्वासात मावणारं औषध

सातव्या महिन्यातच जन्मलेलं, १ किलो वजनाचं बाळ एका श्वासात जेमतेम ५ मिलिलिटर हवा घेतं. चहाचा एक चमचा. तेही मिनिटाला ५०-६० वेळा, आणि हवा आत जायला दर वेळी अर्धा सेकंदही मिळत नाही. मोठ्या माणसाला आपण सांगतो, ‘पंप दाबा, खोल ओढा, दहापर्यंत मोजा.’ या बाळाला काय सांगणार? बाळाच्या फुप्फुसात औषध फवारण्याची धडपड साठ वर्षं चालू आहे. मोठ्यांचं यंत्र नुसतं लहान करून लावून भागत नाही, एवढं या साठ वर्षांनी पक्कं शिकवलं.

सुरुवात होते बोस्टनमध्ये. श्वास सोडल्यावर फुप्फुसातले वायुकोश मिटून चिकटू नयेत म्हणून त्यांना आतून सरफॅक्टंटचा पातळ थर असतो. साबणाच्या पाण्यासारखा तो पृष्ठताण कमी करतो. श्वास न जमल्याने दगावलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हाच थर नसतो, हे मेरी एलन ॲव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली दाखवलं. थर नसला की प्रत्येक श्वास कोरा फुगा पहिल्यांदा फुगवण्याइतका जड जातो. बाळ कण्हतं, बरगड्यांखाली खळगे पडतात, आणि काही तासांत ते थकतं. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन २ किलोच्या वर होतं, तरी तो ३९ तासच जगला. देशाच्या अध्यक्षाच्या बाळालाही देण्यासारखं औषध तेव्हा कुणाकडे नव्हतं.

पुढचा विचार साहजिकच होता: जे कमी आहे ते वाफेसारखं फवारून द्यावं. १९६४ मध्ये माँट्रियलला आणि १९६७ मध्ये सिंगापूरला तसं करून पाहिलं. फवारलं ते सरफॅक्टंटमधलं मुख्य स्निग्ध द्रव्य, पण एकटंच. त्याला भराभर पसरवणारी प्रथिनं सोबत नव्हती. शिवाय बाळापर्यंत पोचत होतं तेही तुटपुंजं. फायदा दिसेना, आणि दोष थेट सरफॅक्टंटच्या कल्पनेवर आला. मला हा या इतिहासातला सगळ्यात दुखरा भाग वाटतो.

१९८० मध्ये जपानच्या अकिता इथे तेत्सुरो फुजिवारा यांनी गायीच्या फुप्फुसापासून केलेलं सरफॅक्टंट १० बाळांना दिलं. फवारून नाही, घशातून श्वासनलिकेत घातलेल्या नळीतून सरळ ओतलं. बाळं सुधारली. १९९० च्या सुमारास ही औषधं बाजारात आली आणि फवाऱ्याचा विषय मागे पडला. नळीचं दुखणं मात्र राहिलं. तिच्यातून यंत्राने दाबाने हवा भरली की कोवळं फुप्फुस जखमी होतं. नॉर्थवे या डॉक्टरांनी १९६७ मध्येच त्यातून होणाऱ्या जुनाट फुप्फुसविकाराचं वर्णन केलं होतं. जॉर्ज ग्रेगरींनी १९७१ मध्ये मांडलेली सीपॅपची पद्धत, म्हणजे बाळ स्वतः श्वास घेत असताना सौम्य दाबाची हवा देत राहणं, पुढे नाकातल्या छोट्या नळ्यांमधून सर्वत्र रुळली. मग नळी टाळायची आणि औषधापुरती पुन्हा नळी घालायची, हे खटकू लागलं. फवारा परत आठवला.

तोवर हिशेब कळला होता. जुनाट फुप्फुसविकाराच्या बाळांवर १९९६ साली केलेल्या मोजणीत नेब्युलायझरमधल्या, म्हणजे औषधाचा बारीक फवारा करणाऱ्या यंत्रातल्या, औषधाचा १-२ टक्क्यांहून जास्त भाग फुप्फुसात पोचत नव्हता. बाकीचं यंत्रात, नळीत, नाकात. घरी वाफ देताना आपण हे पाहतोच: बाळ मान फिरवतं, मास्क गालावरून सुटतो आणि पांढरा धूर कानामागे निघून जातो. ‘रडतंय तर बरंच, खोल ओढेल,’ असं म्हणतात. ते खरं नाही. रडताना औषध कमी शोषलं जातं, हे १९९९ मध्ये मोजून दाखवलं गेलं.

मग संशोधक नाकाकडे वळले. तान्ही बाळं बहुतांशी नाकानेच श्वास घेतात. रॉटरडॅममध्ये ९ महिन्यांच्या मुलीच्या सीटी स्कॅनवरून २००१ मध्ये नाक-घशाची हुबेहूब प्रतिकृती झाली. २००८ मध्ये मिनोकिएरी आणि सहकाऱ्यांनी गर्भावस्थेच्या ३२ आठवड्यांच्या, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या, बाळाची केली. आता कुठलाही फवारा बाळाला हात न लावता तपासता येऊ लागला. बारीक छिद्रांचा पडदा थरथरवून थेंब पाडणारे नेब्युलायझरही आले. त्यांना वेगळा हवेचा झोत लागत नाही आणि औषध फारसं मागे उरत नाही. यंत्रासोबत औषधावरही काम चालू होतं: मुंबईत आयआयटीत रिंती बॅनर्जी आणि जयेश बेल्लारे यांनी २००१ मध्ये घरोघरच्या नीलगिरी आणि लवंगेच्या तेलाने सरफॅक्टंट जास्त चांगलं पसरतं का, हे प्रयोगशाळेत तपासलं होतं.

मिनोकिएरींच्याच चाचणीत (२०१९, ६४ बाळं) सरफॅक्टंटचा फवारा मिळालेल्या ३२ पैकी ११ बाळांना पहिल्या तीन दिवसांत नळी लागली, न मिळालेल्या ३२ पैकी २२ बाळांना. २०२० मध्ये अमेरिकेत ४५७ बाळांच्या चाचणीत चोखणीसारख्या तोंडाच्या साधनातून औषध दिलं. सरफॅक्टंटसाठी नळी घालावी लागण्याचं प्रमाण ५० वरून २६ टक्क्यांवर आलं. २०२२ मध्ये छापलेल्या युरोपातल्या चाचणीत मात्र फवाऱ्याने फरक पडला नाही. म्हणून आजही एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) सीपॅपवरच्या बाळाचा घसा उजेडात पाहून, शेवईएवढी बारीक नळी श्वासनलिकेत सरकवून औषध हळूहळू सोडतात आणि ती लगेच काढून घेतात.