हर की दूनच्या पहिल्या ट्रेकला निघण्यापूर्वी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे हर की दूनच्या ट्रेकसाठी नाव नोंदवलेल्या, आणि पाठीवर सॅक घेऊन हिमालयात प्रथमच चालणार असलेल्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई यांपैकी काही ना काही केलेले असते. चढण्याची सवय आणि खडकावरचा पाय या दोन गोष्टी हिमालयातही उपयोगी पडतात. मात्र शुक्रवारी रात्री निघायचे, शनिवारी माथा गाठायचा आणि रविवारी संध्याकाळी घरी परतायचे, ही सह्याद्रीत अंगवळणी पडलेली घाई येथे घातक ठरू शकते. कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर, १,६४६ मीटर उंच आहे. आपण ज्या सांक्री गावातून निघणार आहोत, तेच सुमारे १,९५० मीटरवर वसलेले आहे आणि हर की दूनचे कुरण सुमारे ३,५६६ मीटरवर आहे. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांशच असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. आमचा कार्यक्रम पहिल्या वाचनात संथ वाटतो, त्याचे कारण हेच आहे.

मार्ग आणि मुक्काम

हा सर्व परिसर उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यातील गोविंद राष्ट्रीय उद्यानात आणि त्याच नावाच्या अभयारण्यात येतो. अभयारण्याची स्थापना १९५५ साली झाली असून त्याला पंडित गोविंद वल्लभ पंत यांचे नाव देण्यात आले आहे. डेहराडूनहून मसुरी, नौगाव, पुरोला, मोरी या मार्गाने सांक्रीला पोहोचण्यास अख्खा दिवस लागतो. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपासच आहे, पण घाटरस्त्यात किलोमीटरवरून वेळेचा अंदाज बांधता येत नाही. नैटवाड येथे रुपिन आणि सुपिन या नद्यांचा संगम होऊन टोन्स नदी तयार होते व पुढे ती यमुनेला मिळते. याच गावात वनविभागाची चौकी आहे. तेथे परवाना आणि ओळखपत्र दाखवावे लागते, म्हणून आधार कार्डाची छापील प्रत सॅकच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावी. रोख रक्कम पुरोल्यातच काढून घ्यावी. सांक्रीच्या पुढे मोबाइलवर भरवसा ठेवता येत नाही, त्यामुळे घरच्यांना तशी पूर्वकल्पना देऊन ठेवावी. दोन दिवस फोन लागला नाही म्हणून घरी उडालेल्या गोंधळाचा त्रास ट्रेकरपेक्षा आमच्या कार्यालयाला अधिक होतो.

सांक्रीहून तालुका या गावापर्यंतचा कच्चा रस्ता आपण जीपने पार करतो. पावसाने रस्ता खचला असल्यास हे अंतरही चालावे लागते. तालुक्यापासून सुपिनच्या काठाने, देवदार, अक्रोड आणि चीड यांच्या सावलीतून गंगाडकडे आणि पुढे ओसला गावाच्या परिसरात, सुमारे २,५०० मीटरवर, पहिला तंबू पडतो. दुसऱ्या दिवशी कलकत्तियाधारजवळ, सुमारे ३,००० मीटरवर मुक्काम होतो. हा टप्पा दुपारपर्यंत संपतो आणि पाय अजून ताजे असलेले ग्राहक हमखास विचारतात की आजच वर का जाऊ नये. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वमान्य संकेत आहे आणि आम्ही तो मोडत नाही. त्या दुपारी थोडे वर चालून जावे, परत खाली यावे आणि रात्री तंबूतच झोपावे. तिसऱ्या दिवशी हर की दूनला जाऊन आपण त्याच मुक्कामी परततो.

प्रत्यक्ष कुरणात तंबू का लावत नाही, असे अनेक जण नाराजीने विचारतात. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ साली बुग्याळांवर, म्हणजे वृक्षरेषेच्या वरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली. बुग्याळाची माती उथळ असते, वर्षातील मोठा काळ ती बर्फाखाली असते आणि तंबूखाली पिवळे पडलेले गवत पुन्हा उगवण्यास फार कमी दिवस मिळतात. स्वर्गारोहिणी शिखराच्या पायथ्याशी रात्र काढण्याची इच्छा आम्ही समजू शकतो. तरीही एखादी संस्था आपल्याला कुरणातच मुक्काम देण्याचे आश्वासन देत असेल, तर परवान्यावर मुक्कामाची कोणती जागा लिहिली आहे, एवढे अवश्य विचारावे.

विरळ हवेचा त्रास

विरळ हवेचा त्रास कोणाला होईल, हे वय, व्यायाम किंवा पूर्वीच्या ट्रेकवरून सांगता येत नाही. उलट धडधाकट तरुण भराभर चढतात आणि डोकेदुखी लपवतात, म्हणून त्यांच्याकडे आमच्या लीडरचे अधिक लक्ष असते. डोके दुखणे आणि त्यासोबत मळमळ, भूक मरणे, चक्कर किंवा वाजवीपेक्षा जास्त थकवा जाणवणे ही सुरुवातीची लक्षणे होत. अशा वेळी आहे त्याच उंचीवर थांबावे, पाणी प्यावे, विश्रांती घ्यावी आणि लक्षणे पूर्ण जाईपर्यंत वर जाऊ नये. त्रास वाढत असेल, तर खाली उतरणे हाच खरा उपाय आहे. स्वस्थ बसलेले असतानाही धाप लागणे व खोकला थांबत नसणे, किंवा सरळ रेषेत पाऊल टाकता न येणे व बोलण्यात गोंधळ होणे, ही मात्र फुप्फुसात किंवा मेंदूत सूज येऊ लागल्याची चिन्हे असू शकतात. त्या वेळी रात्र आहे की दिवस, हे न पाहता रुग्णाला ताबडतोब खाली नेले जाते. याबाबतीत लीडरचा निर्णय अंतिम राहील आणि त्यावर तंबूत मतदान होणार नाही.

अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे ट्रेकरांच्या बोलण्यातील ‘डायमॉक्स’, स्वतःच्या मनाने सुरू करू नये. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाचे विकार किंवा गर्भारपण असल्यास तर त्याबाबत डॉक्टरांशी बोलणे अनिवार्य आहे. मद्य आणि झोपेच्या गोळ्या यांमुळे रात्रीचा श्वास मंदावतो, म्हणून संपूर्ण ट्रेकमध्ये दोन्हींना मनाई आहे.

सॅक आणि तिच्यातील सामान

आमच्या ट्रेकमध्ये तंबू, स्वयंपाकाची भांडी आणि शिधा खेचरांवर जातो. आपले कपडे, स्लीपिंग बॅग, मॅट, पाणी आणि दुपारचा डबा मात्र आपल्याच पाठीवर असतो. भरलेल्या सॅकचे वजन आपल्या वजनाच्या एक-पंचमांशाहून कमी असावे, आणि पहिल्याच ट्रेकला ते दहा किलोच्या आत ठेवणे उत्तम. यासाठी पन्नास ते साठ लिटरची, कमरपट्टा असलेली सॅक पुरते. कमरपट्टा पोटावर न बांधता कमरेच्या हाडावर घट्ट बसवावा, म्हणजे बराचसा भार खांद्यांऐवजी कमरेवर येतो. खांद्याचे पट्टे त्यानंतर आवळावेत. बहुतेक जण नेमका उलटा क्रम करतात आणि दुसऱ्या दिवशी मान धरून बसतात. स्लीपिंग बॅग तळाशी, जड वस्तू मधल्या उंचीवर पाठीला लागून आणि पावसाळी जाकीट सर्वांत वर, अशी रचना ठेवावी. सॅकवरचे पावसाळी आवरण पाठीकडून पाणी अडवत नाही. म्हणून आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून सर्व कोरडे सामान तिच्यात भरावे.

कपड्यांबाबत आमचे सर्वांत आग्रहाचे सांगणे असे, की जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवावेत. सुती कापड घाम शोषते, लवकर वाळत नाही आणि अंगाची ऊब ओढून घेते. अंगालगत चटकन वाळणारा कृत्रिम धाग्याचा किंवा लोकरीचा बनियन, त्यावर फ्लीस, मुक्कामी घालण्यासाठी एक जाड जाकीट आणि सर्वांवर पाणी व वारा अडवणारे कवच, असे थर असावेत. चालताना थर काढायचे आणि थांबताच चढवायचे. थंडी वाजू लागल्यावर स्वेटर शोधणे म्हणजे उशीर झाला, असे समजावे. कानटोपी, हातमोजे, लोकरी मोज्यांचे दोन जोड, हेडटॉर्च, गॉगल, सनस्क्रीन आणि पाण्याच्या एक-एक लिटरच्या दोन बाटल्या सोबत हव्यात. बूट घोट्याच्या वर येणारे आणि किमान महिनाभर वापरून पायाला बसलेले असावेत. नवे कोरे बूट घालून येणाऱ्याला सांक्रीतच थांबवावे, असे आमच्या लीडरचे मत आहे. आम्ही अद्याप तसा नियम केलेला नाही.

विमानाने येणाऱ्यांनी वॉकिंग स्टिक चेक-इन सामानात आणि पॉवर बँक हातातील सामानात ठेवावी. स्टोव्हची गॅसची डबी विमानात कोठेही नेता येत नाही. ती आणूच नये, इंधनाची व्यवस्था आमची आहे.

तयारी

पुणेकरांसाठी सिंहगड आणि मुंबईकरांसाठी जवळचा कोणताही डोंगर या कामी पुरेसा आहे. निघण्यापूर्वी किमान सहा आठवडे, आठवड्यातून एकदा सात-आठ किलो भरलेली सॅक घेऊन चढावे आणि तितक्याच वजनासह उतरावे. उतरण्याचा सराव कोणी करत नाही. हर की दूनच्या परतीच्या दोन दिवसांत गुडघ्यांच्या तक्रारी येतात त्या यामुळेच. वेग वाढवण्याची आवश्यकता नाही. सोबतच्या माणसाशी न थांबता बोलता येईल, अशा चालीने दोन तास सलग चालता आले पाहिजे. पायाची नखे निघण्याच्या दोन दिवस आधी कापावीत.

तंबूतील रात्र

मे महिन्यातही मुक्कामी पहाटे पारा पाच अंशांच्या आसपास उतरू शकतो आणि दिवाळीच्या सुट्टीत तो शून्याखाली जातो, म्हणून स्लीपिंग बॅग घेताना वा भाड्याने आणताना तिच्यावर लिहिलेले ‘कम्फर्ट’ (आरामात झोप लागेल असे) तापमान पाहावे, ‘एक्स्ट्रीम’ (जेमतेम जीव वाचेल असे) नव्हे. अंगाखाली दाबला गेलेला भराव ऊब धरत नाही. खालून येणारी थंडी अडवते ती मॅट, म्हणून मॅटवर पैसे वाचवू नयेत. झोपताना दिवसाचे घामट कपडे बदलून राखून ठेवलेला कोरडा जोड घालावा. मोबाइल आणि हेडटॉर्चच्या बॅटऱ्या स्लीपिंग बॅगेत घ्याव्यात, कारण थंडीत त्या लवकर उतरतात. ऊब राहावी म्हणून तंबूची सर्व भोके बंद करण्याचा मोह होतो. तसे केल्यास श्वासातील बाष्प छताला साचून पहाटे अंगावर ठिबकते. झरोके उघडे राहू द्यावेत. तंबूत स्टोव्ह, मेणबत्ती किंवा शेगडी पेटवण्यास सक्त मनाई आहे, कारण त्यांतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो.

खाण्याचे पदार्थ, टूथपेस्टसुद्धा, रात्री स्वयंपाकाच्या तंबूत द्यावेत. या जंगलात काळे अस्वल आहे, आणि बिस्किटांचा वास त्यालाही आवडतो. जेवण वरण-भात, पोळी, भाजी असे साधेच असते. तीन हजार मीटरवर पाणी सुमारे नव्वद अंशांवरच उकळते, त्यामुळे आमचे स्वयंपाकी वरण कुकरमध्येच शिजवतात आणि जेवणाला थोडा वेळ लागतो.

उद्यानातील आणि गावातील वागणूक

शेकोटी पेटवली जाणार नाही. वरच्या भागातील भोजपत्राची झाडे अत्यंत सावकाश वाढतात आणि वाळलेले लाकूडही त्या जमिनीचेच असते. शौचासाठी नदीपासून, ओढ्यापासून आणि वाटेपासून किमान साठ मीटर दूर, पंधरा-वीस सेंटिमीटर खोल खड्डा करून तो नीट बुजवावा. ओले टिश्यू आणि सॅनिटरी पॅड पुरू नयेत, त्यासाठी देण्यात येणाऱ्या काळ्या पिशवीतून ते परत आणावेत. साबण, तो ‘नैसर्गिक’ असला तरी, सुपिनच्या पाण्यात वापरू नये. मोनाल पक्षी दिसल्यास त्याच्या मागे धावू नये; शांत उभे राहिल्यास तो बराच वेळ दिसतो.

ओसला आणि गंगाड ही नांदती गावे आहेत. दगड आणि देवदार यांनी बांधलेल्या घरांचे, अंगणात काम करणाऱ्या बायकांचे छायाचित्र घेण्यापूर्वी परवानगी विचारावी. मुलांना चॉकलेट किंवा पैसे वाटू नयेत; काही द्यायचेच असेल, तर ते गावच्या शाळेत द्यावे. ओसल्याचे मंदिर दुर्योधनाचे असल्याचे आपण अनेक ठिकाणी वाचले असेल. गावकरी त्याला सोमेश्वराचे मंदिर म्हणतात. त्यांच्या दारात उभे राहून त्यांना त्यांचा देव समजावून सांगू नये, आणि मंदिरात प्रवेश करण्याआधी चामड्याच्या वस्तूंबाबत व इतर रिवाजांबाबत विचारून घ्यावे.

नोंदणीच्या वेळी

एप्रिलची अखेर ते जूनचा मध्य आणि मध्य सप्टेंबर ते नोव्हेंबरचे पहिले दिवस, एवढ्याच काळात आम्ही हा ट्रेक नेतो. पावसाळ्यात मोरीच्या अलीकडे-पलीकडे दरडी कोसळतात, म्हणून जुलै-ऑगस्टसाठी आग्रह करू नये. नोंदणीसोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र, नियमित घेत असलेल्या औषधांची यादी, रक्तगट आणि ट्रेकिंगचा समावेश असलेल्या विम्याची प्रत जोडावी. सामान्य आरोग्य विम्यात डोंगरातून सुटका करण्याचा खर्च समाविष्ट असेलच असे नाही, तेव्हा ते कलम स्वतः वाचावे. मधुमेह, रक्तदाब किंवा दमा असल्यास तो लपवू नये, कारण केवळ त्यासाठी आम्ही कोणाला नाकारत नाही. लीडरला माहीत असले म्हणजे औषधे कोणाच्या सॅकमध्ये कोठे आहेत, याची तो आधीच नोंद ठेवतो. गुडघ्याच्या किंवा पाठीच्या दुखण्यामुळे सॅक वाहणे शक्य नसल्यास तेही याच वेळी कळवावे. सांक्रीत आयत्या वेळी जादा खेचर मिळतेच असे नाही. आठ दिवस आधी कळल्यास ते वेगळ्या दराने ठरवता येते, आणि एका खेचरावर चार सॅक जात असल्याने तो खर्च चौघांत विभागला जातो.