कोरगुट खाऱ्या पाण्यात कसं तगतं?

गोव्याच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, उन्हाळ्यात उतरलं की ढेकळांवर पांढरी साय दिसते. ती मिठाची. बांध फुटला किंवा मानशीचं (बांधातल्या पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मोरीचं) दार नीट बसलं नाही, की भरतीचं पाणी शेतात शिरतं आणि साध्या भाताची रोपं शेंड्याकडून करपू लागतात. कोरगुट हे इथलं पारंपरिक भात मात्र त्याच खाऱ्या चिखलात तग धरतं.

मीठ रोपाला दोन बाजूंनी गाठतं. मातीतलं खारं पाणी मुळांना ओढता येत नाही, म्हणजे पायाशी पाणी असून रोप तहानलेलं. शिवाय सोडियम हळूहळू पानांत साचतं आणि पोटॅशियमची जागा बळकावतं. पोटॅशियमवर चालणारी विकरं, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, मग अडतात. जुनी पानं आधी वाळतात, कारण त्यांच्यात ते सर्वांत जास्त दिवस साचलेलं असतं.

रोपाला पळता येत नाही, पण ते गप्पही बसत नाही. मुळाच्या पेशीला मिठाची चाहूल लागली की काही सेकंदांत आत कॅल्शियमची लाट उठते. एसओएस-३ हे प्रथिन ते कॅल्शियम पकडतं आणि एसओएस-२ ला जागं करतं. ते एसओएस-१ नावाचा पंप जोरात चालवतं आणि सोडियम बाहेर फेकलं जातं. १९९० च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ जियान-कांग झू यांच्या प्रयोगशाळेनं ही साखळी शोधायला सुरुवात केली ती मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या इवल्या रोपावर. जरा मीठ लागताच कोलमडणारी रोपं निवडायची आणि त्यांचं कोणतं जनुक बिघडलंय ते पाहायचं, अशी ती पद्धत.

पुढचं काम पेशीच्या केंद्रकात चालतं, आणि मला सगळ्यात थक्क करतं ते हेच. ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं. एरवी काही विकरांना दाबून ठेवणारा ब्रेक त्यामुळे सुटतो. मोकळी झालेली विकरं नियामक प्रथिनांना कामाला लावतात, आणि ती ठरावीक जनुकांच्या उंबरठ्यावर जाऊन बसतात. गुंडाळलेला डीएनए तिथे सैल होतो, जनुक वाचलं जातं. पेशीत पाणी धरून ठेवणारं प्रोलीन बनू लागतं, सोडियम रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत, कोंडणारे पंप वाढतात. वाढीची जनुकं मात्र मंदावतात. म्हणून खाऱ्या शेतातलं रोप जगलं तरी खुरटतं. जगण्याची किंमत ते उत्पन्नातून मोजतं.

मग कोरगुट, केरळची पोक्कळी अशा खार सोसणाऱ्या जाती वेगळ्या कशात? पंप तर साध्या भातातही असतात. बंगालच्या 'नोना बोक्रा' या भातात २००५ मध्ये एक नेमकं उत्तर मिळालं. मुळांतून वर पाणी नेणाऱ्या नळ्यांभोवतीच्या पेशींत एक प्रथिन असतं. वर चाललेल्या रसातलं सोडियम ते वाटेतच काढून घेतं, त्यामुळे पानापर्यंत थोडंच पोचतं. जपानी कोशिहिकारी भातातही ते असतं, फक्त त्यात चार अमिनो आम्लं वेगळी आहेत. तेवढ्यानंच कामात फरक पडतो!

पोक्कळीतला 'सॉल्टॉल' हा गुणसूत्राचा तुकडा पैदासकार आता जास्त पिकणाऱ्या जातींत संकरानं आणतात. आपल्याकडे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानंही खारीत पिकणाऱ्या जाती दिल्या आहेत. पण सॉल्टॉल सांभाळतो तो मुख्यतः रोपावस्थेत. भात फुलोऱ्यावर आलं की पुन्हा नाजूक होतं आणि तेव्हा लागणारी जनुकं बरीचशी वेगळी असतात. पिढ्यान्‌पिढ्या खाजनात पेरलेलं कोरगुटाचं बी हाताशी असेल, तरच ती त्यात शोधता येतील. शेतकऱ्याकडची शेवटची मूठ संपली, तर शोधायचं कशात?