जवारी म्हणजे सेंद्रिय नव्हे

"जवारी आहे, म्हणजे औषध मारलेलं नसणार." बेळगावच्या बाजारात जवारी, म्हणजे गावरान, भाजी घेताना हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकते. घरी कुणी आलं की याचीच उलटी बाजू ऐकायला मिळते: "सेंद्रिय दुकानातून आणलंय, जवारीच आहे." दोन्ही चूक. शिवाय या घोळात पैसे तर जातातच, भाजीही बिघडते, म्हणून हे एकदा नीट मांडायचं ठरवलं.

सेंद्रिय म्हणजे काय ते बहुतेकांना ठाऊक आहे. रासायनिक खत नाही, रासायनिक फवारणी नाही. त्याला कायद्याची चौकट आहे. पाकिटावर 'जैविक भारत'ची खूण असते, त्याचे नियम २०१७ साली आले. केंद्राच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमानुसार प्रमाणपत्र घ्यायचं, तर भाजीपाल्यासारख्या हंगामी पिकाच्या जमिनीला पेरणीआधी किमान २ वर्षांचा रूपांतरकाळ द्यावा लागतो. म्हणजे सेंद्रिय हा शब्द भाजी कशी वाढवली एवढंच सांगतो.

जवारी हा शब्द बियाबद्दल बोलतो. पुण्याकडे ज्याला गावरान म्हणतात, त्याला आपल्या कोल्हापूर-बेळगावकडे मराठीतही जवारी म्हणतात आणि कन्नडमध्येही. घरचं बी घरी धरलं, पुढच्या हंगामात तेच पेरलं, अशी वर्षानुवर्षं चाललेली जात म्हणजे जवारी. त्याला प्रमाणपत्र नाही, खूण नाही. त्यामुळे जवारी वांग्यावर कीटकनाशक मारलेलं असू शकतं. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी वांग्याला इतकी छळते, की शेतकरी फवारतोच. तसंच, सेंद्रिय म्हणून घेतलेला टोमॅटो सरळ संकरित बियाचा असू शकतो, आणि त्यात काही फसवणूक नाही.

खरी गल्लत होते ती बी धरण्यापाशी. संकरित बी म्हणजे दोन वेगळ्या वाणांचा मुद्दाम घडवलेला संकर. त्याची पहिली पिढी एकसारखी येते. तिचं बी धरून पेरलं की पुढची पिढी फुटते: एक झाड आजोबांवर, एक आजीवर, तिसरं कुणावरच नाही. हे मी स्वतः भोगलंय. एका दुकानातून 'जवारी टोमॅटो' लिहिलेलं पाकीट आणलं, पहिल्या वर्षी सुंदर फळं आली, बी धरलं. दुसऱ्या वर्षी परसात चार झाडांवर चार तऱ्हेचे टोमॅटो, त्यातल्या दोन झाडांना तर चवच नाही. पाकिटावर खोटं लिहिलं होतं. ते वर्ष वाया गेलं याचा राग मला अजून आहे.

पण म्हणून बी धरता येतं ते सगळं जवारी, असंही नाही. बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेची 'अर्का अनामिका' भेंडी सुधारित वाण आहे, संकरित नाही. तिचं बी धरता येतं, तरी ती जवारी नव्हे. आणि जवारी बीसुद्धा आपोआप शुद्ध राहत नाही. टोमॅटो, घेवडा यांचं परागीभवन बहुतेक स्वतःच्याच फुलात होतं, ते निभावतात. काकडी आणि दोडका मधमाश्यांवर अवलंबून असतात. शेजारच्या वावरात संकरित काकडी असेल, तर तुमच्या जवारी काकडीचं बी पुढच्या वर्षी भलतंच निघेल. आंब्याचं तर तंत्रच वेगळं. रायवळाची कोय लावली की दर झाड निराळं, म्हणून तिथे बी शुद्ध आहे का हा प्रश्नच गैरलागू.

वेडंवाकडं, डाग पडलेलं, किडकं ते जवारी, ही समजूत तर टाकूनच द्या. कीड बियाची जात विचारून येत नाही. 'मूळचं इथलं ते जवारी' हेही खरं नाही. वांगं आपलं, पण मिरची पोर्तुगीजांबरोबर आली आणि टोमॅटोही अमेरिकेतलाच. तरी संकेश्वरी मिरचीला जवारी म्हणायला कुणी कचरत नाही, आणि ते बरोबर आहे.

आता चुलीपाशी या. फवारणी केली की नाही यावरून पाककृती बदलत नाही. बियावरून बदलते. जवारी टोमॅटो चपटा, घड्या पडलेला, पातळ सालीचा, रसाळ, आंबट. त्याचं सार करावं. वर चिंच-कोकम घालू नये, ते घातलेलं मला सहन होत नाही. दाट रस्सा हवा असेल तर संकरित टोमॅटो घ्या. तो गराचा असतो, दूरच्या वाहतुकीसाठी जाड सालीचा केलेला असतो, आणि या कामाला तोच बरा. जवारी काटेरी वांगं भरायला घ्यावं: शेंगदाणे, तीळ, कारळे, सुकं खोबरं, लसूण, थोडा गूळ. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजवलं की मसाला आतपर्यंत जातो आणि वांगं लोण्यासारखं होतं. कुकरमध्ये घालू नका. भोगीच्या भाजीलाही हेच वांगं हवं, सोबत ओला हरभरा, पावटा, गाजर आणि बाजरीची तीळ लावलेली भाकरी. जवारी काकडीचं देठाकडचं टोक चाखूनच कोशिंबीर करा, कडू निघू शकतं. रायवळ आंबे मात्र कोयीसकट गुळाच्या रसात शिजवावेत, मोहरी वाटून लावावी. हापूस तिथे वाया जातो.

बाजारात दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. "मावशी, बी घरचंच काय?" हा एक. "औषध मारलंय काय?" हा दुसरा. येळ्ळूर-धामण्याकडून टोपली घेऊन येणाऱ्या बायका दोन्हींची सरळ उत्तरं देतात, कारण बी कुठल्या घरातून आलं हेही त्यांना माहीत असतं.

आणि परसात लावलंच असेल, तर बियाचं फळ आधी बाजूला काढा. पहिल्या बहरातलं, निरोगी झाडावरचं एक चांगलं वांगं निवडून देठाला चिंधी बांधावी, म्हणजे घरातलं कुणी तोडणार नाही. ते झाडावरच पिवळं पडू द्यायचं. मग चिरून बी धुवायचं, सावलीत वाळवायचं आणि राखेत मिसळून गाडग्यात ठेवायचं. टोमॅटोचं बी रसातच दोन दिवस आंबवलं की बुळबुळीत आवरण सुटतं. दोडका वेलीवरच खडखडीत वाळू द्यावा आणि तसाच स्वयंपाकघरात टांगावा, मिरगापर्यंत.