मांजराचा मधुमेह : घरगुती व्यवस्थापन

मधुमेही मांजराची रक्तशर्करा घरीच मोजून दर १२ तासांनी इन्शुलिन टोचण्याची पद्धत. हा आजार बहुधा माणसाच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासारखा असून स्थूल, खच्ची केलेल्या, वयस्क बोक्यांत अधिक आढळतो. उगमाबद्दल एकमत नाही. स्वादुपिंडात साचणारे अमिलॉइड (एक प्रकारचे प्रथिन) हेच मूळ, असे पूर्वी मानत; मधुमेह नसलेल्या मांजरांतही ते सापडत असल्याने इन्शुलिनरोध (शरीराने इन्शुलिनला पुरेशी दाद न देणे) आणि सततच्या चढ्या साखरेने इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींची होणारी हानी यांकडे आता अधिक कल आहे. काहींत पिट्युटरी ग्रंथीतील गाठ कारणीभूत असते; तेथे मात्रा वाढवत नेली तरी साखर दाद देत नाही.

सर्वांत धोक्याची चूक सिरिंजची. पाश्चात्त्य देशांत साधारण १९७०-८०च्या दशकांत मिलिलिटरला १०० युनिटांचे इन्शुलिन रूढ झाले. भारतात ४० युनिटांच्या कुप्याही टिकून राहिल्या. त्यामुळे सोलापुरातल्या मेडिकलमध्ये ४०ची लाल टोपणाची आणि १००ची केशरी टोपणाची अशा दोन्ही सिरिंजा मिळतात. मांजरांसाठी पसंतीचे ग्लार्जिन हे दीर्घकाळ चालणारे इन्शुलिन बहुतेक १०० युनिटांचे असते. ते लाल टोपणाच्या सिरिंजेत १च्या खुणेपर्यंत ओढले, तर २.५ युनिटे जातात. सुरुवातीची मात्रा बहुधा १ युनिटच असते, हे ध्यानात घेतले म्हणजे धोका कळतो. उलट अदलाबदलीत, म्हणजे ४०चे इन्शुलिन १००च्या सिरिंजेत १च्या खुणेपर्यंत ओढल्यास, ०.४ युनिटच जाते. अर्ध्या युनिटाच्या खुणा असलेली १००ची सिरिंज उत्तम. ग्लार्जिन पातळ करू नये किंवा दुसऱ्या इन्शुलिनमध्ये मिसळू नये. औषध केसांवर सांडल्याची शंका आली, तरी पुन्हा टोचू नये.

मोजणीसाठी मांजराला टॉवेलात (तो सोलापुरात शोधावा लागत नाही) गुंडाळून कान कोमट कापडाने शेकतात. कडेच्या शिरेलगत व्हॅसलिनचा पातळ थर दिला की रक्त केसांत न पसरता थेंब धरते. मागे कापूस धरून लॅन्सेट टोचावी. माणसांच्या ग्लुकोमीटरवर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो, कारण मांजराच्या रक्तातील ग्लुकोज जवळजवळ सगळे रक्तद्रवात असते, तांबड्या पेशींत फारच थोडे. दवाखान्यातल्या भीतीनेही साखर चढते. म्हणून घरचे आकडे अधिक विश्वासार्ह. प्रत्येक मात्रेपूर्वी आणि मधल्या ४ ते ८ तासांत मोजल्यास नीचांक, म्हणजे साखरेचा सर्वांत खालचा आकडा, सापडतो. तो डेसिलिटरला ८० ते १५० मिग्रॅ. असावा.

साखर फार उतरली की शरीर ती उसळवते, हा जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल सोमोजी यांचा १९३०च्या दशकातील सिद्धान्त मांजरांना बराच काळ जसाच्या तसा लावला गेला. वारंवार मोजणीत असा प्रकार क्वचितच दिसतो. चढा आकडा पाहून ‘उसळी’ समजून मात्रा घटवणे, हा त्या सिद्धान्ताचा न उतरलेला वारसा म्हणावा लागेल. एका आकड्यावरून मात्रा वाढवूही नये. ५ ते ७ दिवस जाऊ द्यावेत. ६०च्या आसपास किंवा खाली आकडा आला, मांजर लडखडले, तर लगेच खायला द्यावे. खाता येत नसेल तर मध किंवा ग्लुकोजचे घट्ट पाणी हिरड्यांना चोळून पशुवैद्य गाठावा. झटके येत असताना तोंडात काही ओतू नये.

इन्शुलिन २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवतात. एप्रिल-मेत सोलापूरचा पारा ४० पार जातो. त्यात वीज गेली, तर कुपी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ओल्या माठात ठेवणे हा तात्पुरता उपाय. ग्लुकोमीटरच्या पट्ट्याही उष्णतेने बिघडतात, आणि बऱ्याच ग्लुकोमीटरांची मर्यादा ४० ते ४५ अंशांचीच असते.

दूधभात, दूध-भाकरी बंद करून कमी पिष्टाचे ओले खाद्य द्यावे. मात्र आहार बदलताच इन्शुलिनची गरज घटते, म्हणून मात्रा आधी पशुवैद्याकडून ठरवून घ्यावी. मांजर जेवले नाही तर पूर्ण मात्रा देऊ नये. उलट्या, अन्नत्याग व मूत्रात कीटोन (चरबी जळून तयार होणारी द्रव्ये) ही तातडीची लक्षणे. उपचार लवकर सुरू झाल्यास काही मांजरांना पुढे इन्शुलिन टोचावे लागत नाही.

बेक्साग्लिफ्लोझिन या गोळीला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ती आधी इन्शुलिन न घेतलेल्या मांजरांसाठी आहे. तिच्यामुळे साखर फारशी न चढताही कीटोन वाढू शकतात.