टोपी दिसली, चेहरा नाही
दुकानदार आणि सोसायट्यांच्या कमिट्यांसाठी

चोरी झाली की आम्हा सीसीटीव्ही बसवणाऱ्यांना फोन येतो : "कॅमेरे चालूच होते हो, पण माणूस ओळखू येत नाही." जाऊन बघावं तर कॅमेरा छताच्या कोपऱ्यात टांगलेला. चोराची टोपी स्वच्छ दिसते, चेहरा नाही. म्हणून एक तरी कॅमेरा दाराच्या समोर, सात-आठ फूट उंचीवर लावा, असा आमचा हट्ट असतो. दार उन्हाच्या बाजूला असेल तर आत येणारा नुसता काळा ठिपका दिसतो. तिथे डब्ल्यूडीआरवाला, म्हणजे ऊन आणि सावली दोन्ही सांभाळणारा कॅमेराच घ्या. २.८ एमएमच्या लेन्समध्ये अख्खं दुकान मावतं, पण चेहरे बारीक होतात. गल्ल्यावर ६ एमएम बरी.

कॅमेऱ्यापेक्षा जास्त गोंधळ हार्ड डिस्कचा. २ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा २ एमबीपीएसवर (रेकॉर्डिंगचा वेग) दिवसाला साधारण २१ जीबी खातो. चार कॅमेरे आणि १ टीबीची डिस्क म्हणजे जेमतेम अकरा दिवस. पुढे जुन्यावर नवं चढत जातं. गणपतीला कोकणात जाऊन पंधरा दिवसांनी परतलात, तर पहिल्या चार दिवसांचं काहीच हाती लागणार नाही. महिनाभराचं हवं असेल तर ४ टीबी घ्या, आणि रेकॉर्डिंग एच.२६५ वर (व्हिडिओ कमी जागेत बसवायची पद्धत) ठेवा. जागा बरीच वाचते.

रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांवर किडे येतात, किड्यांमागे कोळी. एक जाळं लेन्सवर आलं की स्क्रीन पांढरीफटक. महिन्यातून एकदा कुंचा फिरवा, एवढंच. त्यासाठी आम्हाला बोलावून व्हिजिटचे पैसे देऊ नका.

डीव्हीआरची (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याची) तारीख-वेळ मात्र दर महिन्याला मोबाइलशी ताडून बघा. आतला सेल उतरला की लाइट गेल्यावर घड्याळ भलतीच तारीख दाखवतं, आणि पुढे कोर्टात पहिला प्रश्न त्यावरच येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार फुटेजच्या कॉपीसोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइल बदलली की बदलणारा, तिच्या ठशासारखा कोड) लिहावी लागते. स्क्रीनसमोर मोबाइल धरून काढलेल्या व्हिडिओवर भागत नाही. फुटेज पेनड्राइव्हवर नीट उतरवून घ्या आणि डिस्क फॉरमॅट करू नका.

पासवर्ड १२३४५ ठेवला असेल तर आजच बदला.

कपड्यांच्या दुकानात ट्रायल रूममध्ये "फक्त वरच्या कोपऱ्यात एक" लावून द्या म्हणणारे भेटतात. तिथे आम्ही वायरच ओढत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, लावून घेणाऱ्यालाही आणि आम्हालाही.